राठ लोकरीचं वर्ष

"तू तिकडे नक्की करतेस काय?" नाशिकला आल्यापासून हा प्रश्न घरोघरी चहाबरोबर येतोय. आत्यानं तर फोनमधले फोटो बघून सरळच विचारलं, "म्हणजे एवढा खर्च करून विलायतेला गेलीस, आणि घोंगड्या विणतेस होय गं?" आई हसली. मी "हो" म्हटलं, कारण २०२५चा हिशोब मांडायला बसलं तर आत्याचं म्हणणं खरंच आहे.

मी राहते यॉर्कशायरमध्ये, ब्रॅडफर्डजवळ. जुन्या गिरणीच्या इमारतीत एका कोपऱ्यात माझा माग आहे. एकोणिसाव्या शतकात हे गाव लोकरीच्या धंद्याची राजधानी होतं. इतकं, की लोकरीचा बारीकपणा मोजायची रीतच 'ब्रॅडफर्ड काउंट' या नावानं चालायची. एक पौंड विंचरलेल्या लोकरीतून ५६० यार्डांच्या किती लडी कातता येतील, तो आकडा म्हणजे काउंट. चांगली मेरिनो ६४च्या पुढे जाते. आमच्या डोंगरातल्या स्वेलडेल मेंढीची लोकर चाळिशीच्याही आत राहते. आकडा लहान, म्हणून भाव लहान.

स्वेलडेल मेंढी दिसायला मात्र ऐटदार. तोंड काळं, नाकपुडीशी पांढरं, शिंगं वळलेली. यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानाच्या बोधचिन्हावर तिचाच एडका आहे. चिन्हावर मिरवतात, पण तिची लोकर अंगाला लावायला कोणी तयार नाही. जाते ती गालिच्यांत. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीच्या पैशातून निघत नाही, म्हणून काही शेतकरी ती सरळ खताच्या ढिगावर टाकतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सिन्नरकडचे धनगर आठवले. आपल्या दख्खनी मेंढीची काळी लोकर वर्षातून दोनदा कातरतात आणि गिऱ्हाईक नसलं की बांधावर टाकून पुढच्या वावराकडे निघतात. दोन्हीकडे मेंढी पाळायची ती मटणासाठी, आणि लोकर म्हणजे तिच्या अंगावरून उतरवायचं ओझं. तर या वर्षी ठरवलं, मऊ लोकरीला हात लावायचा नाही. जे काही करायचं ते राठ लोकरीत.

बोलायला सोपं होतं. वर्षाचा बराचसा भाग मागावर बसण्यात गेलाच नाही. तो गेला लोकर निवडण्यात आणि धुण्यात. जुलैत कातरणी झाली की शेतकरी एकेका मेंढीची आख्खी लोकर गुंडाळून देतात. ती जमिनीवर पसरायची. कडेची शेणानं माखलेली लोकर, पोटाखालची गुंतलेली, आणि ओळखीसाठी लावलेल्या निळ्या-लाल रंगाचे ठिपके कापून काढायचे. (आपले धनगरही मेंढ्यांना रंगाची खूण करतातच.) मग ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात साबण घालून लोकर नुसती बुडवून ठेवायची. गरम पाण्यात ती चोळली, ढवळली, की तंतू एकमेकांत अडकतात आणि हातात नमदा, म्हणजे लोकरीचा घट्ट जाड थर, येतो. लोकरीतलं मेणचट तेल वितळून पाणी तपकिरी झालं की अलगद उचलून दुसऱ्या टबात. असं चार-पाच वेळा. त्या वासाबद्दल लिहीत नाही, लोक जेवताना फोन बघतात.

ब्रॅडफर्डचं पाणी मऊ आहे, तिथे हा धंदा रुजायचं तेही एक मोठं कारण. साबण लगेच फेसाळतो, लोकर स्वच्छ निघते. तेच पाणी लाल रंगाला मात्र नडतं. मॅडर ही आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली मुळी, आणि तिला पाण्यात चुनखडी लागते. मऊ पाण्यात लाल न येता विटकट नारिंगी येतो, म्हणून पातेल्यात मुद्दाम खडूची पूड टाकावी लागते. आमच्या गंगापूर रोडच्या घरी बोअरवेलच्या पाण्यानं नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात आणि बाबा दर महिन्याला प्लंबरला बोलावतात. या वेळी मी त्याच पाण्यात मंजिष्ठ उकळली. खडूची गरजच पडली नाही.

कांद्याच्या सालींची गंमत वेगळीच. ब्रॅडफर्डला पिवळ्या सालीचा कांदा मिळतो. आमच्या गल्लीतले पंजाबी भाजीवाले भाईसाहेब गोणीच्या तळाशी उरलेल्या साली माझ्यासाठी पिशवीत भरून ठेवतात. तुरटीबरोबर त्यातून लख्ख केशरी रंग येतो. इथे आईनं लासलगावच्या लाल कांद्याच्या साली जमवून ठेवल्या होत्या. त्यातून निघाला शेवाळी हिरवा. आईला तो अजिबात आवडला नाही. मला तोच हवा होता, पण तिचं जुनं पातेलं आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही, एवढं मात्र झालं.

सप्टेंबरच्या शेवटी स्किप्टनला 'यार्नडेल' भरतं. २०१३पासून चालू असलेली ही सूत-लोकरीची जत्रा भरते ती जनावरांच्या लिलावाच्या जागेत. लासलगावच्या यार्डात एक शनिवार-रविवार कांदा बंद ठेवून विणकरांनी दुकानं मांडावीत, तशी. एरवी मेंढ्या उभ्या असतात त्या लोखंडी कप्प्यांत रंगीत लडी टांगलेल्या असतात. तिथे मऊपणाचं राज्य. येणारी प्रत्येक बाई लड उचलते आणि गालाला लावते. मला या गालाला लावण्याचा मनापासून कंटाळा आहे. पायाखाली, भिंतीवर, पावसात वापरायच्या वस्तूला गालाची परीक्षा कशासाठी?

मी सोबत घोंगडी घेऊन गेले होते. मागच्या फेरीत नाशिकहूनच नेलेली, तयार विणलेली. न धुतलेली कच्ची लोकर विमानातून नेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. २००१च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत ब्रिटनमध्ये साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, ते तिथले शेतकरी अजून विसरलेले नाहीत. तर ती घोंगडी. चिंचोक्याची खळ दिलेली, म्हणून पुठ्ठ्यासारखी ताठ. बायका हात लावून दचकायच्या. डेल्समधल्या एक वयस्क मेंढपाळ बाई मात्र थांबल्या, घोंगडी खांद्यावर घेतली, वजनाचा अंदाज घेतला आणि विचारलं, पाणी किती वेळ धरते? मी खोळ करून दाखवली, डोक्यावरून घ्यायची ती. चिंचोके म्हणजे काय हे समजावण्यात त्यानंतर बराच वेळ गेला.

ब्रिटनच्या सांस्कृतिक शहराचा मान २०२५मध्ये ब्रॅडफर्डकडे होता, त्यामुळे वर्षभर काही ना काही चालू असायचं आणि आमच्यासारख्यांना वर्ग घ्यायला बोलावणी यायची. खरं सांगते, स्टुडिओचं भाडं निघालं ते या वर्गांतून, विणकामातून नव्हे. टर्नर प्राइझ या ब्रिटनमधल्या कलेच्या मोठ्या बक्षिसाचं प्रदर्शनही त्या वर्षी तिथेच, कार्टराइट हॉलमध्ये लागलं. हा एडमंड कार्टराइट म्हणजे पॉवरलूमचा जनक. मालेगावात चोवीस तास जो खडखडाट चालतो, त्याचा मूळपुरुष. त्याच्या नावाच्या दालनात बक्षीस मिळालं नेना कालूला, जी कापड, दोऱ्या, टेपा हातानं गुंडाळत, बांधत मोठमोठे लोंबते आकार करते. यंत्र नाही, मागही नाही. मला मृणालिनी मुखर्जींची आठवण झाली. १९४९मध्ये मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी तागाच्या दोरांना नुसत्या गाठी मारत माणसाहून उंच मूर्ती उभ्या केल्या. दोर राठच होता. त्याला त्यांनी मऊ केलं नाही, त्याच्या ताठपणावर मूर्ती उभी राहिली.

माझं वर्षातलं मोठं काम म्हणजे एका घराच्या जिन्याच्या भिंतीसाठी विणलेला उंच पट्टा. ताणा तागाचा, बाणा स्वेलडेलचा, आणि मधे मधे त्या घोंगडीच्या एका टोकाचं उसवलेलं काळं सूत. स्वेलडेलच्या लोकरीत ठिसूळ पांढरे केस असतात, ते रंग घेत नाहीत. केशरीत ते पांढरे राहतात आणि लांबून दहिवर पडल्यासारखं दिसतं. मऊ लोकरीत हे जमलं नसतं. घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, हे केस मागून काढता येतील का? आता त्या पाहुण्यांना तेच दाखवतात.

इथे आल्यावर रीतीप्रमाणे येवल्यालाही जाऊन आले. नाशिककर पाहुण्याला पैठणी दाखवायला नेतातच, आणि न्यावंच. पदरातला मोर तिल्ल्यांवर, म्हणजे रंगीत रेशमाच्या लहान कांड्यांवर, विणताना बघणं हा सोहळाच आहे. २०१०मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, दुकानं वाढली, चांगलं झालं. पण त्याच जिल्ह्यात काळी लोकर बांधावर पडते आणि तिकडे पाहुण्याला कोणी नेत नाही.

सिन्नरजवळच्या एका धनगर कुटुंबाशी या आठवड्यात बोलणं झालं. पुढच्या कातरणीला लोकर टाकायची नाही, काळी आणि करडी वेगळी भरून ठेवायची, किलोमागे पैसे रोख. आजोबांना वाटलं मी गादी भरणार आहे. त्यांच्या सूनबाईंनी मात्र भाव लगेच वाढवून मागितला आणि मी मान्य केला. लोकर इथेच धुऊन, कातून घ्यायची, मग सूत पाठवायचं. गोण्या ठेवायला बाबांनी गच्चीवरची खोली दिली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही, आणि वासाचं तर कोणालाच नाही.