अण्णांच्या पेटीतलं सोनपाखरू

आमची कार्यशाळा राहुरीत आहे. कृषी विद्यापीठ इथंच असल्यामुळे दर वर्षी नवी मुलं येतात आणि कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी त्यांना कीटकसंग्रह करून द्यावा लागतो. माझे वडील, अण्णा, सुतार. दारं, खिडक्या, चौरंग, पाट हे त्यांचं काम. एकदा एक मुलगा संग्रहाची मोडकी पेटी दुरुस्तीला घेऊन आला. अण्णांनी ती उघडून पाहिली, झाकणाच्या फटीतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवी करून देतो." सागाची, काचेच्या झाकणाची, खाच पाडून घट्ट बसवलेली पेटी. त्याच्या मागून त्याच्या वर्गातली मुलं आली आणि तीन-चार वर्षांत आमचं निम्मं काम पेट्यांचं झालं.

मी कृषीची पदवी घेऊन घरच्याच धंद्यात उतरले, तोवर पेट्या चांगल्या खपत होत्या. पण दुसऱ्या वर्षी त्याच पेट्या परत येताना दिसायला लागल्या. पेटी ठणठणीत आणि आत भुगा. घरातल्या साध्या टाचण्या गंजलेल्या, भुंगेऱ्यांचे पाय तुटून तळाशी पडलेले, काहींवर पांढरी बुरशी. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दुसऱ्या दिवशी तिला संग्रह जमा करायचा होता. त्या रात्री अण्णा म्हणाले, "पेटी विकली म्हणजे आपलं काम झालं का गं? आत कसं ठेवायचं ते यांना कोण दाखवणार?" आमचा वर्ग असा सुरू झाला. पहिल्या वर्गाला सहा जण होते आणि जागा म्हणजे घराची ओसरी.

शिकवायला मी सोनपाखरू निवडलं. बाभळीवर बसणारा, हिरवा झळझळीत, अंगठ्याएवढा हा भुंगेरा आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी काड्यापेटीत पाळलेला असतो. शास्त्रीय नाव स्टर्नोसेरा. अळी जमिनीत मुळांवर वाढते, पावसाळ्यात प्रौढ वर येतो, बाभळीचा पाला खातो, अंडी घालतो आणि काही आठवड्यांत मरतो. म्हणून ऑगस्टमध्ये बाभळीखाली मेलेली सोनपाखरं सापडतात. आम्ही तीच वापरतो. पहिल्याच वर्षी एका व्यापाऱ्याने शेकड्याच्या भावाने, हवी तितकी, "ताजी" पाखरं पुरवायची तयारी दाखवली. ताजी म्हणजे जिवंत पकडून मारलेली. मी नको म्हटलं. त्या वर्षी तीन वर्ग रद्द करावे लागले, पण तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. जंगलात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, हे वर्गात पहिल्या दहा मिनिटांत सांगते.

मेलेलं पाखरू वाळून कडक झालेलं असतं. पाय हलवायला गेलं की मोडतो. म्हणून आधी ते मऊ करावं लागतं. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला ओली वाळू, त्यावर टीपकागद, बुरशी धरू नये म्हणून डेटॉलचे चार थेंब आणि वर पाखरू. पाणी थेट अंगाला लागू द्यायचं नाही. एवढ्या मोठ्या भुंगेऱ्याला दोन दिवस लागतात. मुंग्यांनी पोट आतून साफ केलेलं असेल तर उत्तमच, कारण पोटात अंडी भरलेली मादी आली की वास सुटतो. मग पोटाच्या खालच्या बाजूला बारीक चीर देऊन आतलं काढायचं आणि कापूस भरायचा.

टाचणीची पायरी मी कधीच घाईत घेत नाही. टाचणी स्टीलची, गंज न धरणारी, 38 मिलिमीटर लांबीची, जाडी 3 नंबरची. ती उजव्या पंखावर वरच्या बाजूला टोचायची आणि खाली मधल्या व मागच्या पायाच्या मधून निघाली पाहिजे. उजवाच पंख का? जगभर सगळे भुंगेरे उजवीकडेच टोचतात, त्यामुळे अभ्यासणाऱ्याला डावी बाजू नेहमी अखंड मिळते. बरोबर मध्यावर टोचलं तर दोन्ही पंख फाकतात. सोनपाखराचं कवच इतकं टणक, की टाचणी वाकते. आम्ही शिवणाच्या सुईने आधी छिद्र पाडतो. वर बोटांना धरायला साधारण एक सेंटिमीटर टाचणी मोकळी ठेवायची. मग फोमवर रोवून पाय आणि मिशा बाकीच्या टाचण्यांनी आधार देत नीट लावायच्या आणि आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यायचं. हात थरथरणाऱ्या मुलांना मी चिमटा देते आणि शेजारी बसते. पहिला पाय जागेवर बसला की त्यांचा चेहरा बदलतो. वर्गाचा माझा सगळ्यात आवडता क्षण हाच.

रंगाबद्दल हमखास विचारतात: "ताई, वार्निश मारायचं का?" मुळीच नाही. सोनपाखराचा हिरवा रंग कवचाच्या अतिशय पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशातून तयार होतो. तुटलेल्या पंखाचा तुकडा मी खलात कुटून दाखवते. थर मोडतात, हिरवा जातो आणि तपकिरी भुकटी उरते. थर शाबूत असतील तर रंग टिकतो. जपानमधल्या नारा इथल्या होऱ्यूजी मंदिरात सातव्या शतकातला एक देव्हारा आहे, त्यावर याच कुळातल्या भुंगेऱ्याचे पंख लावले होते. आपल्याकडेही मुघल काळापासून कपड्यांवर हे पंख शिवत आले. 1888 साली लंडनच्या रंगभूमीवर एलन टेरीने लेडी मॅकबेथच्या भूमिकेत घातलेला झगा असाच पंखांनी मढवलेला होता आणि तो अजून जपून ठेवला आहे.

आमच्या हातूनही चुका झाल्या. सुरुवातीला पेटीच्या तळाला थर्माकोल लावायचो आणि किडीसाठी कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवायचो. उन्हाळ्यात वीस-बावीस पेट्या परत आल्या. गोळी जिथे टेकली होती तिथला थर्माकोल विरघळून खड्डा पडला होता आणि टाचण्या आडव्या झाल्या होत्या. सगळ्या पेट्या आम्ही बदलून दिल्या. त्या वर्षी नफा राहिला नाही. तेव्हापासून तळाला चपलेच्या तळव्याला वापरतात ती फोमशीट आणि गोळ्या जाळीच्या कापडात बांधून, टाचणीने अडकवून. वाळकी शरीरं खाणारे बारीक भुंगेरे शिरले, तर पाखराखाली भुकटी पडलेली दिसते. मग पाखरू प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायला सांगतो.

2020 च्या टाळेबंदीत कॉलेजं बंद झाली आणि पेट्यांची मागणी थांबली. तेव्हा आम्ही कुरिअरने संच पाठवायला लागलो: लहान पेटी, टाचण्या, चिमटा, फोम आणि लेबलचा जाड कागद. शिकवणी फोनवर. घरी अडकलेले आईबाप आणि मुलं असे नवे लोक त्यातून जोडले गेले. आता निम्म्याहून जास्त वर्ग विद्यार्थ्यांसाठी नसतात.

लेबलवर मात्र मी कुणालाही सूट देत नाही. गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कशावर मिळालं आणि गोळा करणाऱ्याचं नाव. एवढं नसेल तर ते सुंदर पाखरू अभ्यासाच्या काही उपयोगाचं नाही. मागच्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी पेटी घेऊन आला, आता तो शेती खात्यात आहे. त्याच्या सोनपाखराचा हिरवा तसाच होता. लेबलवर त्याच्याच अक्षरात गावाचं नाव आणि पुढे "बांधावरची बाभूळ". तो बराच वेळ ते वाचत बसला. त्या बांधावरून आता रस्ता गेला आहे.

वर्गाचं वेळापत्रक, संच, हिशोब आता माझ्याकडे. पेट्या अजून अण्णांच्या नजरेखालून जातात. झाकण बंद करून ते कडेत कागदाची पट्टी घालतात आणि ओढतात. पट्टी निघाली की पेटी परत रंध्याखाली. परवा त्यांनी दोन पेट्या नापास केल्या. दोन्ही मीच जुळवल्या होत्या.