पवित्रा मोडताना : तेक्क्यॉनसाठी शरीर कसे घडवावे लागते

शाळेत असताना मी सहा वर्षे तायक्वांदो शिकले होते. त्यामुळे नोकरीनिमित्त सोलला आल्यावर घराजवळच्या जॉनसुग्वानमध्ये, म्हणजे तेक्क्यॉनच्या तालीमघरात, नाव घालताना आपल्याला फारसे नव्याने शिकावे लागणार नाही अशी माझी समजूत होती. पहिल्या संध्याकाळी ग्वानजांगनिमनी, म्हणजे तिथल्या वस्तादांनी, मला समोर उभे राहायला सांगितले आणि मी सवयीने पवित्रा घेतला : मुठी आवळलेल्या, खांदे ताठ, मागचा पाय जमिनीत रोवलेला. त्यांनी क्षणभर पाहिले आणि अगदी सौम्यपणे विचारले, “थांबलात का?” तेक्क्यॉनमध्ये थांबायचे नसते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

तेक्क्यॉन ही कोरियाची जुनी, लाथा आणि पायपेच यांवर उभी असलेली द्वंद्वकला आहे. तिला तायक्वांदोची आजी म्हणण्याची पद्धत आहे. मला ती फारशी पटत नाही. तायक्वांदोचा आजचा साचा १९४५ नंतर सोलमधल्या ज्या आखाड्यांतून तयार झाला, त्यांच्या संस्थापकांपैकी बऱ्याच जणांचे शिक्षण जपानी कराटेत झाले होते आणि ‘तायक्वांदो’ हे नाव तर १९५५ मधले आहे. प्राचीन थडग्यांतल्या भित्तिचित्रांत दोन माणसे हात उगारून उभी दिसतात, म्हणून ती तेक्क्यॉनच खेळत होती असेही म्हणता येत नाही. खात्रीचा धागा सापडतो तो जोसॉन राजवटीच्या उत्तरार्धात. ‘जेमुलबो’ या १७९८ च्या कोशात या खेळाचे नाव येते आणि युसुक या चित्रकाराच्या नावावर असलेल्या १८४६ च्या ‘देख्वेदो’ या चित्रात गर्दीच्या मधोमध एक जोडी स्सिरुम म्हणजे कोरियन कुस्ती खेळत आहे आणि दुसरी तेक्क्यॉन. पाहणारे लोक बसलेले आहेत, गप्पा मारत आहेत; एकंदर जत्रेतल्या फडाचा देखावा आहे, रणांगणाचा नव्हे.

तेक्क्यॉनची शारीरिक तयारी समजून घ्यायची असेल तर हा जत्रेचा संदर्भ विसरून चालत नाही. गावातल्या किंवा शेजारच्या आळीतल्या माणसांशी सणावाराला खेळायचा हा डाव होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांबरोबर कामाला जायचे होते. म्हणून प्रतिस्पर्ध्याला जायबंदी न करता पाडणे किंवा त्याच्या चेहऱ्याला पायाने स्पर्श करणे, यावर जय ठरत असे. आज वेगवेगळ्या संघटनांचे नियम थोडेफार निराळे असले तरी गाभा हाच आहे. गुडघा किंवा त्याच्या वरचा भाग जमिनीला टेकला की हार. शिवाय ‘देजॉप’ नावाची एक रीत आहे, जिच्यानुसार आपला एक पाय समोरच्याच्या आवाक्यात पुढे ठेवावा लागतो. कोरियन भाषेत या शब्दाचा एरवीचा अर्थ पाहुणचार असा आहे! लांब पळून उभे राहण्याची सोयच त्यामुळे उरत नाही.

लाथही याच कारणाने वेगळी मारली जाते. तायक्वांदोत आम्हांला गुडघा वर उचलून पाय चाबकासारखा झटकायला शिकवले होते. इथे पाय प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला लागेपर्यंत सैल असतो आणि लागल्यावर कंबर पुढे लोटून त्याला ढकलतो, जेणेकरून तो मागे कोलमडेल; पण बरगडी मोडणार नाही. हे वाचायला सोपे वाटते. परंतु झटका गुडघ्यातून काढता येतो आणि ढकल मात्र ओटीपोट आणि खुब्यांतूनच काढावी लागते. सहा वर्षांच्या सवयीने माझा पाय दर वेळी आधीच ताठ होई आणि समोरची कॉलेजातली मुलगी कळवळून हात चोळी. तिची मी किती वेळा माफी मागितली असेल याची गणती नाही.

सारी तालीम ‘फुमबाल्की’ या पदन्यासाभोवती फिरते. चिनी लिपीतले ‘फुम’ हे अक्षर तीन चौकोनांचे असते, एक वर आणि दोन खाली. त्या आकारात पावले टाकायची. दोन्ही पाय खालच्या दोन बिंदूंवर असतात. एक पाय वरच्या बिंदूवर जातो, परत येतो, मग दुसरा जातो. पाऊल पुढे पडताना गुडघा लवतो, त्याला ‘गुमशिल’ म्हणतात. लगेच ओटीपोट पुढे येऊन शरीर धनुष्यासारखे किंचित मागे वळते, ते ‘नुंगचॉंग’. रोजच्या बोलण्यात हाच शब्द साळसूदपणाचा आव आणणाऱ्या माणसासाठी वापरतात आणि ते मला फार शोभून दिसते, कारण लाथ येणार आहे हे लपवण्याचे कामही हीच लवचीक हालचाल करते. ठेका तीनाचा असतो. मला लहानपणी ऐकलेल्या दादऱ्याच्या आधाराने तो पकडता आला. मोजून मात्र कधीच आला नाही.

हा पदन्यास पंधरा मिनिटे न थांबता करून पाहावा, म्हणजे दंड-बैठकांचा अभिमान आपोआप उतरतो. रोज शंभर बैठका काढण्याची मला सवय होती. तरीही आठव्या मिनिटाला माझ्या मांड्या थरथरू लागल्या. याचे कारण नंतर लक्षात आले. बैठकीत भार दोन्ही पायांवर समान असतो आणि खाली-वर होताना सांध्याला विसावा मिळतो. फुमबाल्कीत बहुतांश भार सतत एका वाकलेल्या पायावर असतो, तो हळूहळू दुसऱ्यावर सरकतो आणि शरीर खाली उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला लांबत लांबत वजन पेलावे लागते. स्नायूंची सर्वांत जास्त ठणक याच प्रकारच्या कामाने होते. त्याच वेळी खुब्याच्या बाजूचे स्नायू कमरेला एकीकडे कलंडू देत नाहीत. ते दुबळे असतील तर गुडघा आतल्या बाजूला पडतो, आणि माझा डावा गुडघा पहिल्या दोन महिन्यांत जो दुखला तो त्यामुळेच. दोष तालमीचा नव्हता. दुखत असताना मी वेळ वाढवत नेला, हा माझा हट्ट होता.

त्यानंतर मी घरी काही पूरक व्यायाम सुरू केले आणि त्यांत जाणीवपूर्वक वजने घेतली नाहीत. खुर्चीवर एका पायाने हळूहळू बसणे, खाली जायला पाच आकडे मोजून. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाच खाली सोडणे आणि उचलणे. भिंतीजवळ उभे राहून गुडघा पुढे नेत घोट्याची वाकण्याची मर्यादा वाढवणे. हा शेवटचा प्रकार सर्वांत उपयोगी ठरला, कारण दिवसभर टाचेच्या बुटांत वावरणाऱ्या माणसाचा घोटा आखडलेला असतो आणि घोटा वाकला नाही की ‘गुमशिल’चा सारा ताण गुडघ्यावर जातो. खुब्याच्या पुढच्या बाजूचे स्नायूही आठ तास खुर्चीत बसून आखडतात. ते मोकळे झाल्याशिवाय ओटीपोट पुढे येतच नाही आणि माणूस त्याऐवजी पाठीचा कणा वाकवतो. कंबरदुखीची तक्रार घेऊन येणारे नवे विद्यार्थी बहुधा हीच चूक करत असतात. धावणे मी कमी केले, तरी दम कमी पडला नाही. अर्धा तास सलग पदन्यास आणि लाथा केल्यावर श्वासाचा व्यायाम वेगळा करावा लागत नाही.

हातांसाठी ‘ह्वालगेजित’ असते, म्हणजे पंखांसारखे हात हलवत राहणे. ते हूल देण्यासाठी, लाथ अडवण्यासाठी आणि तोल सांभाळण्यासाठी आहे. त्यासाठी खांदे सैल हवेत, आणि जिममध्ये कमावलेले खांदे असणाऱ्या तरुणांची इथे खरी पंचाईत होते.

हे सारे आमच्यापर्यंत पोहोचले ते एका माणसामुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सोंग दॉक-गी यांचा जन्म १८९३ मधला. सोलच्या साजिक-दोंग भागात, इनवांगसान डोंगराच्या पायथ्याशी, किशोरवयात ते इम हो नावाच्या वस्तादांकडे शिकले. १९१० ते १९४५ या जपानी अमलात गावोगावचे सामने बंद पडले आणि खेळणारी पिढी विखुरली. पुढे कुस्तीची पार्श्वभूमी असलेले शिन हान-सुंग सोंग यांच्याकडे आले, त्यांनी विखुरलेले डाव लिहून काढून त्यांची शिकवण्याजोगी मांडणी केली आणि छुंगजू शहरात तालीम उभी केली. १९८३ मध्ये सरकारने तेक्क्यॉनला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात ७६ वा क्रमांक देऊन दोघांनाही अधिकृत वारसदार मानले. चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, दोघेही गेले. युनेस्कोच्या यादीत तेक्क्यॉन २०११ मध्ये आले. शिन यांच्या मांडणीमुळे मूळ खेळातला मोकळेपणा कमी झाला, असा आक्षेप वेगवेगळ्या संघटनांच्या वादांत अजूनही ऐकू येतो. मला मात्र वाटते की सोंग हयात असताना कोणी मांडणी केलीच नसती, तर आज वाद घालायलाही काही उरले नसते.

पायपेचांविषयी लिहायचे तर वेगळा लेख होईल. एवढेच सांगते की ‘त्तानजुक’ हे पायाने पाडण्याच्या डावाचे नाव रोजच्या कोरियन भाषेत ‘खोडा घालणे’ याच अर्थाने वापरले जाते, आणि कार्यालयातल्या बैठकीत तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आवरले नाही.

राहिला प्रश्न ओरडण्याचा. तेक्क्यॉनमध्ये प्रत्येक हालचालीबरोबर ‘इक्क!’ किंवा ‘एक्क!’ असा आवाज काढतात. दचकल्यावर कोरियन माणसाच्या तोंडून निघणाराच हा उद्गार आहे, आपल्या ‘अगं बाई’सारखा. ओटीपोट आवळून थोडा श्वास बाहेर सोडला जावा आणि दम कोंडला जाऊ नये, हा त्याचा उपयोग. चाळिशीतल्या बाईने दहा-बारा लोकांसमोर असे ओरडणे मला विचित्र वाटे, म्हणून वर्षभर मी नुसते ओठ हलवत होते, आणि जोडीने खेळताना दम कोंडला जाऊन दोन मिनिटांतच माझी दमछाक होत होती. गेल्या महिन्यात त्याच कॉलेजातल्या मुलीशी खेळताना मी लाथेसाठी पाय उचलला. तिने माझ्या दुसऱ्या टाचेमागे गळासारखा पाय अडकवून तो ओढून घेतला. या डावाचे नावही ‘नाकशीगॉरी’, म्हणजे गळाची अडकवण, असेच आहे. मी चटईवर बसले ती मोठ्याने ‘इक्क!’ म्हणतच, आणि ग्वानजांगनिमनी कोपऱ्यातून टाळी वाजवली.