हजेरीची वही

रविवार, रात्री साडेदहा

"मी तीन रविवार नव्हते, ते तुझ्या वहीत आहे का गं?"

आक्कांनी हसतच विचारलं, पायरी उतरता उतरता, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझा दंड. मी म्हणाले, "म्हणजे काय, आहे ना!" धादांत खोटं, आणि तेही देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर, आशीर्वाद होऊन दोन मिनिटंही झाली नसताना.

रविवारच्या उपासनेला किती जण आले ते मी लिहिते, ती वही आता समोर उघडी आहे. तारीख, उपदेशक, शास्त्रपाठ, पुरुष, स्त्रिया, मुलं, एकूण, दान. शेवटच्या चार ओळींतली 'एकूण' अशी: 84, 86, 83, 85. यातून आक्का कोणत्या तीन रविवारी नव्हत्या ते कुणीही काढून दाखवावं. 86 च्या दिवशीसुद्धा त्या नव्हत्या. कुणाकडे तरी पाहुणे आलेले असणार, त्यांनी जागा भरून काढली आणि आकडा आनंदात राहिला.

हजेरी मोजायचीही एक रीत असते. पाचारण (उपासनेच्या सुरुवातीचं आवाहन) आणि पहिलं गीत चालू असताना मोजलं तर आकडा हमखास कमी येतो, कारण निम्मी मंडळी पापांगीकारापर्यंत, म्हणजे पापांची कबुली देण्याच्या प्रार्थनेपर्यंत, येतच असते. (उशीर करून नेमका पापांगीकार चुकवणारे वेगळेच.) दानाच्या वेळी मोजावं तर थैली फिरवणारे जागेवर नसतात, एकदा सुटतात किंवा दोनदा धरले जातात. म्हणून उपदेश सुरू झाला की पाच मिनिटांनी मोजायचं. तोवर शब्बाथशाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाची, मुलं बाहेर गेलेली असतात, त्यांचा आकडा शिक्षिकेकडून वेगळा घ्यायचा. मागून पुढे मोजत यायचं, एकेक बाक धरून, आधी डावी बाजू, मग उजवी. व्हरांड्यात तान्ह्या बाळांना घेऊन फेऱ्या मारणाऱ्या आया विसरायच्या नाहीत. गायकवृंद, पेटीवाला, तबलजी, पाळकसाहेब धरायचे. इतकं सगळं केल्यावर हाती काय येतं, तर डोकी. बाकावर पाच डोकी असली की बाक भरला.

मला लागलंय ते एवढंच. माझ्या वहीत गर्दीची नोंद आहे, गैरहजेरीची नाही. आणि नाव मात्र हजेरीची वही.

त्यात आणखी एक. गेले तीन रविवार गाणं कसं सुरळीत चाललं होतं! दुसरं कडवं पेटीच्या आधी कुणी उचलत नव्हतं. मला वाटलं, पेटीवाल्यानं शेवटी लय बसवली. त्याला तसं म्हणालेही, बरं झालं म्हणून. आक्का कायम अर्धी मात्रा आधी उचलतात, पुस्तक न उघडता, हे मला ठाऊक नाही होय? खूण कानावर येत होती आणि मी तिचं कौतुक करत बसले.

स्पेनमध्ये एल्विरा इथं चौथ्या शतकाच्या सुरुवातीला एक ख्रिस्ती धर्मसभा भरली होती. तिचा एकविसावा नियम असा की शहरात राहूनही जो तीन रविवार मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येणार नाही, त्याला थोड्या काळासाठी बाहेर ठेवावं, म्हणजे त्याला समज मिळाल्याचं दिसेल. हा नियम पूर्वी मला फार कडक वाटायचा. आज वेगळंच मनात येतंय. तीन रविवार कोण आलं नाही हे ठरवायला कुणाला तरी आधी ते माहीत असायला हवं. एकूण आकड्यावरून ते कळत नाही. त्यांनी माणसं मोजली असणार, नावानिशी. आपण कुणाला बाहेर ठेवत नाही, फार प्रेमळ आहोत. माणूस आपणहून बाहेर राहिला तरी आपल्याला पत्ता नसतो.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातल्या दहाव्या अध्यायाचं पंचविसावं वचन आपल्याकडे न येणाऱ्यांच्या अंगावर फेकायला वापरतात. एकत्र मिळणं सोडू नका, 'कित्येकांच्या चालीप्रमाणे'. म्हणजे ही चाल पहिल्या शतकातच पडली होती, मोबाइल आणि क्लासेसच्या पुष्कळ आधी. पण आधीचं, चोविसावं वचन कुणी वाचत नाही. तिथं एकमेकांकडे लक्ष देण्याविषयी आहे. पंचविसावं वचन आक्कांसाठी असेल, तर चोविसावं कुणासाठी? वही कुणाच्या हातात आहे?

असो.

'घरीच प्रार्थना करतो, देव काय चार भिंतींत आहे का' असं म्हणणाऱ्यांशी वाद घालताना आपण नेहमी चुकीची बाजू धरतो, उपदेशाची. या, उपदेश ऐका. अहो, उपदेश तर कुठेही मिळतो, आणि आमच्याकडच्यापेक्षा बरा मिळतो, हवा तिथे थांबवून चहा टाकता येतो. उपासनेत एकट्यानं होत नाहीत त्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. पापांगीकार घरी करता येतो, पण क्षमेची ग्वाही दुसऱ्याच्या तोंडून कानावर यावी लागते. स्वतःला स्वतः देऊन चालत नाही, आपण एकतर फार स्वस्तात सोडतो किंवा सोडतच नाही. प्रतिवाचनाला, एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, त्याला दुसरी बाजू लागते. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपलं नाव दुसऱ्यानं घ्यायचं असतं. प्रभुभोजनाला भाकर मोडणारा आणि घेणारा वेगळे. आशीर्वादाचंही तेच. उपदेश सोडला तर उपासनेचा जवळजवळ सगळा क्रम दोन माणसांशिवाय चालत नाही.

आणि कुणीतरी आपलं नाव घ्यायचं, तर आपण नाही हे त्याला आधी कळायला हवं. ते कधी कळतं? नेहमी येणाऱ्याचंच कळतं. नाताळ आणि पुनरुत्थानाच्या रविवारी येणारा जुलैमध्ये नसला तर कुणाच्या मनात काय येणार? तिसऱ्या बाकावर खिडकीकडे वर्षानुवर्षं बसणारी बाई नसली की खिडकीच उघडी पडते. नियमित येण्याचा मला समजलेला उपयोग हा असा आहे: आपली जागा रिकामी दिसावी, इतकं तरी यावं.

दिसायला हवी होती. तिसरा बाक, खिडकीकडची बाजू. मी मोजलं असेल 'चार' आणि पुढे गेले असेन.

माणूस एका रविवारानं तुटत नाही. पहिल्या रविवारी कारण असतं, ताप, लग्न, एसटी चुकली. दुसऱ्या रविवारी कारण संपलेलं असतं, पण घराची घडी बदललेली असते. सकाळी नऊला बाजार होतो, मुलाचा जादा तास लागतो, आंघोळी दहापर्यंत लांबतात. तिसऱ्या रविवारी लाज येते. आता कोणत्या तोंडानं जायचं, लोक विचारतील. आणि लोक खरंच विचारतात! 'आज वाट चुकलात वाटतं', 'सूर्य कुठे उगवला आज', 'अरे, जिवंत आहात का?' प्रेमानंच म्हणतात, पण तो माणूस चौथ्या रविवारी घरीच बसतो. परतलेल्याला फक्त सलाम करावा, पुस्तक हातात द्यावं, सरकून जागा द्यावी. विचारपूस करायची तर सोमवारी त्याच्या घरी जाऊन. फोन नको, फोनवर सगळेच 'बरं आहे' म्हणतात. तेही दुसऱ्या रविवारनंतर जावं, लाज धरायच्या आत. आक्कांच्या बाबतीत तो सोमवार केव्हाच उलटून गेला.

2020 मध्ये 22 मार्चच्या रविवारपासून दारं बंद झाली, ती राज्यात प्रार्थनास्थळं 16 नोव्हेंबरला उघडेपर्यंत. वहीत 35 रविवार कोरे आहेत. गंमत म्हणजे त्या 35 रविवारांत कोण आजारी, कुणाला औषध पोचलं नाही, हे आम्हाला घरोघर माहीत होतं, कारण नावांची यादी घेऊन फोन करत होतो. दारं उघडली, यादी कपाटात गेली आणि मी पुन्हा डोकी मोजायला लागले.

येशूच्या शिष्याचं, थोमाचं बघा. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी सगळे दारं लावून बसलेले, आणि हा एकटा नव्हता. ही गोष्ट शुभवर्तमानात लिहिणाऱ्या योहानानं कारण दिलेलं नाही. एका संध्याकाळची गैरहजेरी, आणि दोन हजार वर्षं 'संशयी' ही पदवी. पण बाकीच्यांनी त्याला गाठून सांगितलं, आणि आठ दिवसांनी तो त्यांच्यात होता. 'वाट चुकलास का' असं कुणी म्हटल्याचं लिहिलेलं नाही.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन नावाच्या शिक्षकानं रविवारची उपासना लिहून ठेवली आहे. शास्त्रवाचन, बोध, सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे त्यांचा वाटा सेवक घेऊन जात. आम्हीही पाळकसाहेबांबरोबर अंथरुणाला खिळलेल्यांकडे जातो. पण ते कायमचे, यादीतले. आक्कांसारख्या मधल्यांसाठी कुणीच जात नाही. त्या ना आजारी, ना बऱ्या. तीन रविवार गुडघा धरून घरात.

मला तरी कोण मोजतं? मोजणारी स्वतःला धरायला विसरते, हे माझं कित्येकदा झालंय. उद्या मी आले नाही तर वहीची एक ओळ कोरी राहील, कमिटीच्या बैठकीत 'वही कुणाकडे आहे' एवढंच विचारतील, आणि

नको. हे लिहिताना स्वतःचंच हसू येतंय. आक्कांची तक्रार मी माझ्या नावावर करून घेतली.

प्रभू येशू नासरेथात 'आपल्या परिपाठाप्रमाणे' शब्बाथ दिवशी, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात गेला, असं शुभवर्तमानात लूक लिहितो. परिपाठ कसल्या लोकांत, तर त्याच दिवशी त्याला कड्यावरून ढकलायला निघालेल्यांत! त्या मानानं आमची मंडळी बरीच म्हणायची. आम्ही ढकलत नाही, फक्त लक्ष देत नाही.

बाकांप्रमाणे नावांची यादी करायची. कुटुंबाच्या नावापुढे खूण, दोन कोऱ्या खुणा झाल्या की सोमवारी घरी. यातले धोके मला माहीत आहेत. लोकांना पोलिसी वाटेल. शिवाय कमिटीची निवडणूक आली की ही यादी कोण कोण मागेल, त्यांची नावं आत्ताच सांगू शकते. म्हणून यादी पेन्सिलीनं, माझ्या पर्समध्ये. मुख्य वहीत 'शेरा' नावाचा एक रकाना आहे, आजवर त्यात 'पाऊस' आणि 'वीज नव्हती' याखेरीज काही पडलेलं नाही. तिथं लिहिलं: आक्का तीन रविवार नव्हत्या. आज आल्या.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा. एका ट्रेला चाळीस पेले, दोन ट्रे पुरत नाहीत, तिसरा अर्धा भरावा लागतो. शनिवारी पेले धुताना कुणीतरी सोबतीला हवं. आणि एक पेला आक्कांना जागेवर न्यायचा, पुढे उठून येणं त्यांना जमत नाही आता.

आजचा 85 बरोबर आहे का ते मात्र कळत नाही. तबलजी धरला होता. मला धरलं की नाही, आठवत नाही.