नवतपातील सूर्य: नागपुरातील एका गच्चीवरून

पुण्याहून रात्रभर प्रवास करून २६ मेच्या पहाटे नागपूर स्थानकावर उतरलो, तेव्हा नवतपाचा, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा, दुसरा दिवस उजाडत होता. धरमपेठेत मावसबहिणीच्या गच्चीवर साडेसातलाच छोटी दुर्बीण लावली. फरशी एकदा तापली की तिच्यावरची हवा लहरू लागते आणि सूर्यडागांच्या, म्हणजे सूर्यावरच्या काळसर ठिपक्यांच्या, कडा विरघळल्यासारख्या दिसतात. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर का उभारली, हे अशा गच्चीवर नेमके कळते. चहूकडे पाणी असल्याने तिथली हवा दिवसाही बरीच स्थिर राहते.

दुर्बिणीतून सूर्याकडे थेट पाहायचे नसतेच. आम्ही पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडली आणि नववीतल्या भाचीने डाग पेन्सिलीने गिरवले. मग त्याच वेळेचे, नासाच्या एसडीओ या उपग्रहाने टिपलेले छायाचित्र मोबाइलवर उघडले, तर एकही डाग जागेवर नव्हता. "मामा, हा दुसराच सूर्य आहे!" ती म्हणाली.

सूर्य तोच होता, दिशा जुळलेल्या नव्हत्या. दुर्बीण न हलवता डाग कागदावर ज्या बाजूला सरकतात ती पश्चिम, एवढी खूण केली आणि कागद उजेडासमोर धरून मागच्या बाजूने पाहिला, कारण पाडलेली प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असते. मेअखेरीस सूर्याचा अक्ष आकाशातील उत्तरेपासून पश्चिमेकडे साधारण १७ अंश कललेला असतो, तर उपग्रहाच्या छायाचित्रात सूर्याची उत्तर सरळ वर असते. तेवढा कागद फिरवल्यावर दोन्ही चित्रे जुळली, आणि भाचीने आनंदाने टाळी वाजवली.

अवकाशातील आणि जमिनीवरील दुर्बिणींचा मेळ घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर असेच चालते, आणि माझ्या मते त्यातला अवघड भाग छायाचित्र घेण्याआधीचा आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य एल१ हे भारताचे सूर्यनिरीक्षक यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. त्यावरील सूट ही पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली घडलेली दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्य पाहते. त्यातला बराचसा प्रकाश ओझोनमुळे जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. उलट कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे शतकाहून अधिक काळाची सलग निरीक्षणे आहेत आणि तिथले यंत्र बिघडले तर हाताने दुरुस्त करता येते. दोघांनी एकच डाग पाहायचा, तर लक्ष्य आधी ठरवावे लागते. सूर्य रोज सुमारे १३ अंश फिरत असल्याने आजचा डाग उद्या कुठे असेल ते मोजावे लागते, आणि घड्याळे जागतिक वेळेला (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) बांधावी लागतात. सौरज्वालेचा, म्हणजे सूर्यावरच्या अचानक स्फोटाचा, प्रकाश आदित्यपाशी आपल्यापेक्षा पाच सेकंद आधी पोहोचतो. झपाट्याने बदलणाऱ्या ज्वालेच्या अभ्यासात हा फरक धरावाच लागतो.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास गच्चीवर उभ्या केलेल्या नळीची सावली नळीखालीच नाहीशी झाली, कारण तो नागपूरचा शून्यसावली दिवस होता. भाचीने वहीत वेळ लिहिली: ०६:४०, जागतिक. असा दुसरा दिवस जुलैच्या मध्यानंतर येतो, तेव्हा इथे बहुधा आभाळ भरलेले असते. तसे झाले, तर त्या रकान्यात वेळेपुढे "ढग" असे लिहायचे, रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे आम्ही जिना उतरतानाच ठरवले.