टॉमकॅटला अ‍ॅक्सेसची फाइल जोडली, त्याची हकिकत

आमच्या भांडारातल्या मालाची सगळी नोंद मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एकाच डेटाबेस फाइलमध्ये आहे. भांडार सांभाळणाऱ्या मॅडमनी ती अनेक वर्षं स्वतः वाढवली आहे. फॉर्म त्यांचे, अहवाल त्यांचे, रकान्यांची नावंही त्यांनीच दिलेली. बाकीच्या विभागांना एखादी वस्तू शिल्लक आहे का, एवढंच पाहायचं असायचं आणि त्यासाठी दिवसभर त्यांचा फोन वाजायचा. ती शिल्लक ब्राउझरमध्ये दिसेल अशी सोय टॉमकॅट या जावा भाषेतले प्रोग्राम चालवणाऱ्या वेब सर्व्हरवरून करण्याचं काम माझ्याकडे आलं. अट एकच होती, मॅडमचं अ‍ॅक्सेस बंद करायचं नाही.

अट मला मान्य होती. सगळं उचलून मोठ्या डेटाबेसमध्ये टाका, असा सल्ला देणारे भेटले. पण अ‍ॅक्सेसच्या फाइलची मर्यादा २ जीबी, आमची फाइल त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नव्हती, आणि नोंदी करणारी व्यक्ती एकच. चालत्या कामाला हात लावायचं मला काही कारण दिसेना.

सुरुवात एका जुन्या नमुन्यावरून केली. त्यात पूर्वी जावाबरोबर येणारा जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज, म्हणजे जावाची डेटाबेस जोडणी (जेडीबीसी) विंडोजच्या डेटाबेस जोडणीला (ओडीबीसी) जोडणारा दुवा, वापरला होता. चालवून पाहिलं तर तो क्लासच (जावातला प्रोग्रामचा तुकडा) सापडत नाही, अशी तक्रार. २०१४ साली आलेल्या जावा ८मधून हा ब्रिज काढून टाकला आहे, हे तेव्हा कळलं. टॉमकॅट ९ला तर किमान जावा ८ लागतेच. म्हणून चाचणीच्या यंत्रावर जावा ७ आणि टॉमकॅट ८.० बसवलं. हा कायमचा रस्ता नव्हे हे माहीत होतं, पण जोडणी होते तरी कशी, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिला अडथळा बिटांचा. विंडोज ६४ बिट, जावा ६४ बिट आणि ऑफिस मात्र ३२ बिट, त्यामुळे अ‍ॅक्सेसचा ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे फाइल वाचून देणारा प्रोग्रामही, ३२ बिटच. जावा आणि ड्रायव्हर मात्र सारख्याच बिटांचे लागतात. ओडीबीसीच्या सेटिंगची जी खिडकी मी उघडत होतो, तिच्यात .एसीसीडीबी फाइलचा ड्रायव्हर दिसतच नव्हता. विंडोजमध्ये ही खिडकी दोन ठिकाणी आहे आणि दोन्हींच्या प्रोग्रामचं नाव एकच. सिस्टम३२ फोल्डरमधली ६४ बिटची, आणि सिसवॉव६४मधली ३२ बिटची. नावं उलटी वाटतात, पण आहे ते असंच. ३२ बिटच्या खिडकीतून डीएसएन (फाइल आणि ड्रायव्हर यांची नाव देऊन ठेवलेली नोंद) केला, जावाही ३२ बिट घेतली, काळ्या पडद्यावर छोटा प्रोग्राम चालवला आणि वस्तूंचे संकेतांक भराभर खाली उतरले.

त्याच दिवशी टॉमकॅट विंडोज सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन न करताही मागे चालत राहील असा, सुरू केला, आणि डीएसएन सापडत नाही असा संदेश आला. यंत्र तेच, जावा तीच, फाइल तीच. दोन दिवस मी कोड उलटसुलट करत होतो. शेवटी एक लहानसं जेएसपी पान, म्हणजे टॉमकॅटवर चालणारं जावाचं वेब पान, लिहिलं. जावा किती बिटची, कोणत्या नावाने चालते आहे आणि दिलेल्या मार्गावरची फाइल तिला वाचता येते का, एवढंच ते छापायचं. नावाच्या जागी माझं नाव नव्हतंच. संगणकाचं नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह होतं, म्हणजे विंडोजचं स्वतःचं सिस्टम खातं. फाइल वाचता येते का, याचं उत्तर होतं ‘नाही’.

तिथे माझे डोळे उघडले. तोवरची प्रत्येक चाचणी मी माझ्या लॉगिनमधून घेतली होती. मी केलेला डीएसएन ‘युजर डीएसएन’ होता, म्हणजे फक्त मला दिसणारा. फाइलचा मार्ग झेड ड्राइव्हवरून दिलेला, आणि ते झेड अक्षरही माझ्याच लॉगिनपुरतं जोडलेलं. सर्व्हिस चालवणाऱ्या खात्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अशी जोडणी करणाऱ्या कोणालाही मी आधी ते पान लिहायला सांगतो. दहा ओळींचं काम आहे.

मग एकेक गोष्ट बदलली. डीएसएन ‘सिस्टम डीएसएन’ केला, झेड ड्राइव्ह सोडून शेअरचा (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरचा) पूर्ण नेटवर्क मार्ग दिला, टॉमकॅटच्या सर्व्हिससाठी वेगळं खातं काढलं आणि त्याला शेअरवर फक्त वाचायची परवानगी दिली. फक्त वाचायचंच तर आहे, असा माझा हिशेब.

त्यावर आलेला संदेश अजून पाठ आहे: फाइल दुसऱ्या कोणीतरी फक्त स्वतःपुरती उघडून ठेवली आहे, किंवा ती पाहायला तुम्हाला परवानगी हवी. मी संदेशाचा पहिला अर्धा भाग धरून बसलो. मॅडमना म्हटलं, “मॅडम, जरा दोन मिनिटं अ‍ॅक्सेस बंद करता का?” त्यांनी केलं. काही फरक नाही. पुन्हा विनंती, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “अहो, मी बंद केल्यावरही तेच येतंय ना? मग अडचण माझ्याकडे नसेल.” त्यांचं बरोबर होतं. अ‍ॅक्सेसची फाइल सामायिक पद्धतीने उघडली की ड्रायव्हर शेजारी .एलएसीसीडीबी नावाची लॉक फाइल तयार करतो आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसतो. म्हणजे नुसतं वाचायचं असलं, तरी त्या फोल्डरमध्ये फाइल तयार करायची, बदलायची आणि पुसायची मुभा लागते. ती दिली आणि पान उघडलं.

पण वस्तूंच्या देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. अ‍ॅक्सेसमध्ये तीच नावं स्वच्छ दिसत होती, म्हणजे बिघाड ब्रिजमध्ये. ज्या पानावर वस्तूचं नाव वाचता येत नाही ते कोणाच्या कामाचं? त्या दिवशी ब्रिज सोडला.

पुढे यूकॅनअ‍ॅक्सेस घेतला. हा पूर्णपणे जावात लिहिलेला जेडीबीसी ड्रायव्हर. फाइल तो जॅकसेस या लायब्ररीतून थेट वाचतो, त्यामुळे ओडीबीसी नको, डीएसएन नको, बिटांची भानगडही नको. टॉमकॅट ९ आणि ६४ बिट जावा बसवली, ड्रायव्हर आणि त्याला लागणाऱ्या जार फाइली (जावाच्या लायब्ररी) टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये ठेवल्या, कॉन्टेक्स्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेस जोडणीचा रिसोर्स लिहिला. नेटवर्क मार्गातल्या उलट्या तिरप्या रेघा सुलट्या केल्या. नावं देवनागरीत दिसली आणि मी मॅडमना बोलावून आणलं.

यूकॅनअ‍ॅक्सेसचा स्वभाव मात्र समजून घ्यावा लागतो. पहिली जोडणी होताना तो फाइलमधला डेटा एचएसक्यूएलडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये उतरवतो, तोही मेमरीत. आमच्याकडे याला चाळीस-एक सेकंद लागत, आणि मॅडमनी नोंद केली, फाइल बदलली, की पुन्हा तेच. पुन्हा भरू नको असं ड्रायव्हरला सांगता येतं. पण मग शिल्लक शिळी दिसणार, आणि शिळी शिल्लक दाखवण्यापेक्षा फोन परवडला. म्हणून फाइलचेच दोन भाग केले. चालू शिल्लकेची टेबलं नव्या फाइलमध्ये, आणि फॉर्म, अहवाल व मागच्या वर्षांच्या नोंदी मॅडमच्या फाइलमध्ये. नवी टेबलं तिथे लिंक केली. त्यांच्या पडद्यावर काहीच बदललं नाही. सर्व्हर फक्त लहान फाइल उघडतो, तीन-चार सेकंदांत.

सर्व्हरकडून त्या फाइलमध्ये लिहून घ्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. एकीकडून अ‍ॅक्सेस आणि दुसरीकडून वेगळाच प्रोग्राम एकाच फाइलमध्ये लिहिताहेत, या कल्पनेनेच मला झोप लागली नसती. विभागांच्या मागण्यांसाठी तिसरी फाइल आहे. तिच्यात फक्त सर्व्हर लिहितो, मॅडम लिंकमधून वाचतात.

काही महिन्यांनी एका सकाळी यंत्र पुन्हा सुरू झालं आणि टॉमकॅट उठलाच नाही. सर्व्हिससाठी काढलेल्या त्या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली होती. पासवर्ड बदलला, सर्व्हिसमध्येही नवा भरला, आणि पुढची मुदत मॅडमच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली.