ऑक्टोबरच्या उन्हात बर्फाची लादी

दर्यापूरकडं जोड्यांचं दुकान म्हणजे पावसाळ्यात गमबूट, उन्हाळ्यात सँडल आणि लग्नसराईत मोजड्या. बर्फावर चालायला काय घालू, हे विचारायला माझ्या दुकानात कोणी येण्याचं कारणच नव्हतं. पण मी फौजेत होतो आणि द्रासला हिवाळे काढलेत, हे गावात पोराटोरांनाही माहीत. म्हणून दसरा झाल्यावर, सोयाबीन निघून कापसाची वेचणी लागायच्या टायमाला काकाजी आणि काकू आले. सोबत भाचा, त्याच्या काखेत खोका.

त्यांची पोरगी टोरंटोला नर्स आहे. जानेवारीत बाळंतपण, म्हणून दोघं डिसेंबरातच निघणार.

"फौजीभाऊ, पोरगी म्हणते जोड्याले खालून लावाचं काहीतरी घेऊन या, नाहीतर तिकडं आपटसान," काकाजी म्हणाले. "ह्यानं तीन तऱ्हेचे मागवले. आता तुमीच सांगा कोणतं ठेवू."

खोक्यातून बुटाखाली चढवायच्या ग्रिपचे तीन जोड निघाले. पहिल्यात रबराच्या जाळीवर पोलादी तारेची स्प्रिंग गुंडाळलेली. दुसऱ्यात साखळ्या आणि त्यांना सेंटीमीटरभर लांबीचे टोकदार दात. डोंगरात जाणारी पोरं त्याला मायक्रोस्पाइक म्हणतात. तिसऱ्यात रबरी तळव्यात बसवलेले टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे, पुढे आणि टाचेखाली दोन्हीकडं. भाच्याचा जीव साखळीवर, कारण ती दिसायला जबर. फौजेत आम्ही याहूनही लांब दातांचे क्रॅम्पॉन बुटाला बांधायचो, पण ते हिमनदीवर आणि उभ्या चढावर. मीठ टाकून साफ केलेल्या फूटपाथवर लांब दात घालून निघालं की पाय दातांवर तोलला जातो, घोटा मुरगळतो. म्हाताऱ्या माणसाचं तर विचारूच नका.

हे सगळं तोंडानं सांगून काकाजींना पटलं नसतं. त्यांनी आयुष्यभर चपलाच वापरल्या. मी दुकानातल्या पोराला बर्फाच्या कारखान्यावर पिटाळलं. तासाभरात त्यानं पोत्यात गुंडाळलेली, भुसा लागलेली लादी हातगाडीवर आणली. मीटरभर लांब. दुकानापुढं ठेवून भुसा धुतला, तसा समोरचा गोळेवाला विचारायला आला, "काहून भाऊ, धंदा बदलला काय?"

ऊन पस्तीसच्या घरात. लादीवरून पाण्याचे ओघळ सुरू झाले. भाचा म्हणाला, असला पाणी सुटलेला बर्फ तिकडं कुठला, तिकडं तर उणे वीस. त्याला म्हटलं, उणे वीसला बर्फ कोरडा असतो, त्यावर पाय थोडा तरी धरतो. शून्याच्या आसपास वर पाण्याचा पापुद्रा येतो, तेव्हा तो सगळ्यात घसरडा. टोरंटोत हिवाळाभर पारा शून्याच्या खाली-वर होत राहतो. दुपारी वितळतं, रात्री पुन्हा गोठतं, आणि सकाळी डांबर नुसतं ओलं दिसतं, वर बर्फ आहे हे कळतसुद्धा नाही. म्हणजे आमची ही घाम फुटलेली लादीच खरी परीक्षा.

तोवर व्हिडिओ कॉलवर पोरगी आली. तिच्याकडून एक कामाची गोष्ट कळली. टोरंटोतल्या एका पुनर्वसन संस्थेच्या प्रयोगशाळेत माणसांना बूट घालून खऱ्या बर्फाच्या उतारावर चालवतात आणि उतार वाढवत नेतात. सात अंशांवर बूट टिकला तर त्याला एक हिमफूल, पंधरावर टिकला तर तीन. 2016 साली त्यांनी 98 बूट तपासले, त्यातले जेमतेम नऊ पहिल्या पायरीला लागले. हे ऐकून मी लादीच्या एका टोकाखाली वीट कडेवर उभी केली. साडेचार इंच उंची, म्हणजे जवळपास सात अंशच.

काकाजींना माझ्याकडचे ट्रेकिंगचे बूट चढवले. दोन्हीकडून दंड धरून नुसत्या बुटानं उतारावर उभं केलं, तर पाय थेट खाली. स्प्रिंग लावली: सरकले, मग अडले. स्प्रिंग टाकाऊ आहे असं नाही. पोरगीच सांगत होती, 2005 साली विस्कॉन्सिनमध्ये पडण्याचा धोका असलेल्या 109 ज्येष्ठांवर अभ्यास झाला, त्यात स्प्रिंगवाल्यांचं घराबाहेर घसरून आपटणं निम्म्याहून कमी झालं होतं. दाबून बसलेल्या बर्फावर ती चांगली चालते. काचेसारख्या कडक थरावर मात्र तार वरच्या वर फिरते, आणि उघड्या काँक्रीटवर घासून तुटते. साखळीनं पाय असा रोवला की उचलायलाच जोर लागला. खिळ्यांनी धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

चाल मात्र काकाजींना शिकवावी लागली नाही. बरसातीत काळ्या मातीच्या धुऱ्यावरून डोक्यावर भारा घेऊन ते जसे जातात, अर्धं पाऊल, अख्खा तळवा, वजन पुढच्या पायावर, तसेच ते लादीवर चढले. पोरगी फोनमधून म्हणाली, इथं असंच चालायला सांगतात. काकाजी एकदम खूश. आणि त्याच भरात, "ग्रिप काढा आधी," असं मी ओरडेपर्यंत, लादीवरून उतरून खिळ्यांसकट दुकानात शिरले. फरशीवर टाच टेकली आणि पाय गेला. पोरानं काखेत हात घातला म्हणून निभावलं. लादीवर एकदाही न पडलेला माणूस टाइल्सवर आडवा होत होता.

काकूंनी कपाळाला हात लावला. "दवाखान्यात फरशीच राहते ना भाऊ? अन् दुकानात, बसमंधी?"

बाईनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. खिळ्याला बर्फात रुतता येतं, गुळगुळीत फरशीत नाही. प्रत्येक दारात ग्रिप काढायची, बाहेर पडताना पुन्हा चढवायची, हा खरा कुटाणा. म्हणून मी काकूंना स्टुलावर बसवलं आणि तिन्ही जोड त्यांच्या हातात दिले. त्यांचे गुडघे दुखतात, बोटं वेचणीनं चिरलेली. पुढचा भाग चवड्यात अडकवायचा, मग टाचेमागचा पट्टा ओढून वर घ्यायचा, शेवटी खिळे तळव्याच्या मधोमध आलेत का ते बघायचं. साखळीचं रबर त्यांच्यानं ताणलंच नाही. थंडीत ते आणखी ताठरतं, वरून हातात मोजे. खिळेवाल्याच्या टाचेला बोट घालायला जीभ होती, ती ओढून त्यांनी दोन्ही पाय चढवले आणि काढलेही. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला, लादीचं काम नंतर गौण होतं.

बूट मी विकले नाहीत. माझ्याकडच्या बुटांचे तळ थंडीत कडक होणारे. पुठ्ठ्यावर लोकरी मोज्यासकट दोघांचे पाय आखले, बाजूला फुटपट्टी ठेवून फोटो पोरीला पाठवला आणि म्हटलं, हिमफूलवाले बूट घेऊन विमानतळावरच ये. काकाजींची बोटं फाकलेली, पुढून रुंद बूट लागेल. ग्रिपचं माप पायाचं नव्हे, बुटाच्या बाहेरच्या तळाचं, म्हणून भाच्यानं चपलेच्या नंबरावरून मागवलेला खिळेवाला जोड बदलून एक माप मोठा, तोही दोन नग, घ्यायला लावला. घरी आल्यावर ग्रिप साध्या पाण्यात धुऊन वाळवा, हेही सांगितलं. तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं धातू गंजतो.

"मीठ?" काकू म्हणाल्या. "आपल्या खारपाणपट्ट्यात मिठानं वावरं बिघडली, अन् थे लोकं इकत आणून रस्त्यावर टाकते?"

लादीचे तुकडे गोळेवाल्यानं मागितले. भुसा लागलेला कारखान्याचा बर्फ, खाण्यात नको म्हणून दिले नाहीत. बर्फावर वापरलेली साखळी परत पाठवणं भाच्याला नको वाटलं. ती दुकानातच राहिली. नंतर शेजारच्या गावातला एक पोरगा डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला निघाला होता, तो घेऊन गेला. साडेबारा हजार फुटांची उंची, दाबलेला बर्फ, धडधाकट घोटे. त्याला तीच योग्य होती.