उथळ कुंडीतले पाणी

आमच्या फोंडा तालुक्यातल्या घराच्या मागे चिऱ्यांचा एक जुना गडगा आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याच्या फटींत बिया पडतात, त्यांतून वड आणि पिंपळ उगवतात आणि वेळीच काढले नाहीत तर काही वर्षांत चिरे उचलून टाकतात. म्हणून बाबा दरवर्षी मिरगाआधी गडगा साफ करून घेत. १७ वर्षांपूर्वी अशाच एका सफाईत वडाचे एक वीतभर रोप माझ्या हाती आले. दोन चिऱ्यांच्या मध्ये वाढल्यामुळे त्याचे मूळ चपटे झाले होते आणि खोडाला तळाशी असे वळण होते, की ते केरात टाकण्याचे माझ्या जिवावर आले. आज बोन्साय म्हणून उथळ कुंडीत वाढवलेला तो वड १४ इंच उंच आहे, त्याचे खोड मनगटाएवढे जाड आहे आणि त्याच्या सोबतीला आमच्या अंगणात नांदरूक, चिंच, कुंती आणि बोगनवेल धरून आणखी ८ झाडे आहेत.

घरी येणारा पाहुणा ही झाडे पाहून बहुधा एकच प्रश्न विचारतो, की झाडाला उपाशी ठेवून असे खुजे करणे पाप नाही का. हा प्रश्न मला कधीच क्षुल्लक वाटलेला नाही, कारण झाडाविषयीच्या कळवळ्यातूनच तो येतो. परंतु उपाशी ठेवलेले झाड लहान राहत नाही, ते मरते. मूळ चीनमधून जपानात गेलेल्या बोन्साय या कलेच्या नावाचा अर्थ उथळ ताटात लावलेले झाड एवढाच आहे आणि ते झाड लहान राहते ते शेंडे व मुळे वेळच्या वेळी छाटल्यामुळे. उलट मोठ्या झाडापेक्षा त्याला अधिक नियमाने पाणी आणि खत द्यावे लागते, कारण अन्न शोधायला लांब जाण्याची सोय त्याच्या मुळांना नसते. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाने सांभाळलेले पांढऱ्या पाइनचे एक झाड १६२५ पासून कुंडीत आहे. १९४५ च्या अणुबॉम्बच्या स्फोटातून, केंद्रापासून सुमारे ३ किलोमीटरवर असूनही, ते भिंतीच्या आडोशाने वाचले, १९७६ मध्ये जपानकडून अमेरिकेला भेट म्हणून गेले आणि आजही वॉशिंग्टनमध्ये उभे आहे. छळ सोसणारे झाड चारशे वर्षे जगत नाही.

मला आज खरे तर लिहायचे आहे ते पाण्याविषयी, कारण या १७ वर्षांत माझी जी झाडे गेली, त्यांतली बहुतेक पाण्याच्या अभावाने नव्हे, तर पाण्याच्या आधिक्याने गेली. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. बोन्सायवरची मी सुरुवातीला वाचलेली पुस्तके थंड प्रदेशांत लिहिलेली होती. त्यांत झाडाला हिवाळ्यात कसे जपावे हे सविस्तर होते, पण आठ-आठ दिवस न थांबणाऱ्या पावसात उथळ कुंडीचे काय करावे, याबद्दल एक ओळही नव्हती. माझे पहिले नांदरूक जुलै महिन्यात गेले. पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा मला वाटले की खत कमी पडले आणि मी खत घातले. शेवटी कुंडी उपडी केली, तर मुळे काळी आणि मऊ झाली होती आणि मातीला कुजका वास येत होता.

उथळ कुंडी लवकर सुकते म्हणून तिच्यात पाणी साचण्याची भीती कमी, असा माझा समज होता आणि तो उलटा होता. भांडी घासण्याचा एक लांबट स्पंज पाण्यात पूर्ण भिजवावा आणि तळहातावर आडवा धरावा. थोडे पाणी गळून थांबेल. मग तोच स्पंज उभा करावा, म्हणजे आणखी बरेच पाणी गळून जाईल. माती हीही स्पंजासारखीच असते. केशाकर्षणामुळे तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि त्या थराची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. बारा इंच खोल कुंडीत तो दीड इंचाचा थर मुळांना जाणवतही नाही, पण अडीच इंच खोल ताटात निम्म्याहून अधिक मुळे त्याच पाण्यात बुडून राहतात, त्यांना हवा मिळत नाही आणि मग ती कुजतात.

हे समजल्यानंतर माझी पावसाळ्याची सारी व्यवस्था बदलली. आता मेच्या अखेरीस मी प्रत्येक कुंडीच्या एका बाजूखाली चिऱ्याचा किंवा विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी करतो. स्पंज उभा केल्यासारखेच हे आहे: कुंडीची उतरती कड खोल होते आणि अडकलेले पाणी तिथल्या छिद्रातून निघून जाते. दर पंधरा दिवसांनी मी कलती बाजू बदलतो, म्हणजे त्याच कडेची मुळे सतत ओली राहत नाहीत. संततधार लागली की चिंच आणि बोगनवेल ही दोन झाडे वळचणीच्या आत, पण उजेड मिळेल अशा जागी येतात. वड आणि नांदरूक मात्र तिरक्या कुंडीत पाऊस आनंदाने सोसतात. कौलांवरून पडणारी धार थेट कुंडीत येणार नाही, एवढे मात्र पाहावेच लागते, कारण ती एका रात्रीत माती उकरून मुळे उघडी पाडते.

मातीच्या बाबतीत आपल्याकडे जे सहज मिळते तेच मला सर्वांत चांगले वाटते. चिरे तासताना पडणारी जांभ्याची खडी मी हातोडीने बारीक करतो, ती आधी ६ मिलिमीटरच्या आणि मग २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो आणि मधला भाग तेवढा ठेवतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे थोडे पाणी धरतो आणि दोन खड्यांमधल्या पोकळीतून उरलेले सोडून देतो. त्याची तांबडी भुकटी मात्र निर्दयपणे धुऊन टाकावी लागते, कारण तीच तळाशी बसून छिद्रे लिंपते. दोन भाग जांभा, एक भाग विटांचे तुकडे आणि एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत, हे माझे मिश्रण आहे. नुसती अंगणातली तांबडी माती ताटात भरू नये. पावसात तिचा चिखल होतो आणि एप्रिलमध्ये ती विटेसारखी घट्ट बसते.

कुंडी बदलण्याचे काम मी वड आणि नांदरुकासाठी फेब्रुवारीच्या शेवटी, नवे कोंब फुगू लागले की करतो, म्हणजे पाऊस येईपर्यंत मुळांना सावरायला तीन महिने मिळतात. दोन वर्षांतून एकदा हे करावे, मुळांचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये, झाड तारेने कुंडीला बांधावे आणि दोन आठवडे सावलीत ठेवावे. खत महिनाभर देऊ नये.

पावसाळ्याला शत्रू मानून मात्र चालणार नाही, कारण वडाला आणि नांदरुकाला पारंब्या फुटतात त्या याच दमट हवेत. फांदीखाली बारीक पारंबी दिसली, की मी तिच्याभोवती उभी चिरलेली सरबताची नळी बसवतो, आत ओले शेवाळ भरतो आणि तिचे टोक मातीत खोवतो. दोन महिन्यांत पारंबी नळीतून मातीपर्यंत पोचते. वडाची जाड फांदीसुद्धा या दिवसांत सहज रुजते. वटपौर्णिमेला बाजारातून आणलेली अशीच एक फांदी पूजेनंतर आईने माझ्या हाती दिली आणि ‘ही तरी जगव’ म्हणून सांगितले. ती आज ६ वर्षांची आहे. पूजेसाठी फांद्या तोडण्यापेक्षा दारात असा कुंडीतला वड असणे मला कधीही अधिक बरे वाटते, आणि आता आई त्याच वडाला सूत गुंडाळते.

याच वाढीच्या दिवसांत, फांद्यांना हवे ते वळण देण्यासाठी गुंडाळलेल्या तारेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. ॲल्युमिनियमची तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घेऊन ४५ अंशांच्या कोनात गुंडाळतात, पण जुलैत नांदरुकाची फांदी इतक्या वेगाने जाड होते, की तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतते. माझ्या मोठ्या नांदरुकावर अशी एक सर्पिल खूण १० वर्षांनंतरही पुसलेली नाही. तार उलगडून काढू नये, पकडीने जागोजागी कापून काढावी. उलगडताना फांदी मोडते.

उन्हाळ्याची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा, छिद्रांतून पाणी बाहेर येईपर्यंत घालावे, आणि बाकीच्या महिन्यांत बोट मातीत अर्धा इंच खुपसून पाहिल्याशिवाय घालू नये. मुंग्यांची रांग खोडावर दिसली, तर पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी दिसणारी कीड, शोधावा. एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारले, की तो आटोक्यात येतो. ज्युनिपर हे थंड प्रदेशातले सूचिपर्णी झाड मात्र गोव्यात कोणी घेऊ नये, असे मी कळकळीने सांगतो. त्याला हिवाळ्याची थंडी आणि विश्रांती लागते, जी आपल्याकडे नाही, आणि मुळे मेल्यावरही ते कित्येक आठवडे हिरवेच दिसते. मी अशा एका झाडाला ते मेल्यानंतर दीड महिना पाणी घालत होतो.

यंदा विहिरीच्या कठड्यात पिंपळाचे एक रोप उगवले आहे. पिंपळ घरात लावू नये असे आई म्हणते, म्हणून तो अंगणाच्या टोकाला, तुळशीवृंदावनापलीकडे ठेवायचा असे आमचे ठरले आहे. त्याचे मूळ दोन चिऱ्यांमध्ये फार आत गेलेले दिसते; पहिल्या दोन-तीन सरींनी फट ओली झाली, की छिन्नी घेऊन तो काढायचा आहे, आणि त्याच्यासाठीची खडी मी आत्ताच चाळून, धुऊन पडवीत वाळत घातली आहे.